इजिप्त दोघांसाठी: आधी वाळवंटातील देवळे, मग तांबडा समुद्र

रानजाई

नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही दोघे बारा रात्रींसाठी इजिप्तला जाऊन आलो. परतल्यापासून ओळखीतले तिघे-चौघे ‘काय पाहावे, काय सोडावे’ असे विचारत आहेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. यजमान ६१ वर्षांचे आहेत, मी ५८ची आहे. त्यांचा उजवा गुडघा जिना उतरताना त्रास देतो आणि मला पोहता येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे, कारण आमचे बरेचसे निर्णय या दोन गोष्टींवरून ठरले.

क्रम असा होता: कैरोत तीन रात्री, विमानाने अस्वानला जाऊन तेथे दोन, मग नाईलमधून बोटीने लक्सरपर्यंत तीन, लक्सर शहरात एक, आणि शेवटच्या तीन रात्री तांबड्या समुद्रावरील कुसैर या लहान गावाजवळच्या रिसॉर्टमध्ये. सहलीच्या बहुतेक आराखड्यांत समुद्राचे दिवस ‘विश्रांती’ म्हणून शेवटी जोडलेले असतात आणि वेळ कमी पडला की सर्वांत आधी तेच गाळले जातात. ते गाळू नका, हे सांगण्यासाठीच मुख्यतः हा धागा काढला आहे. त्या किनाऱ्याचे आणि आपल्या पैठण-तेरचे नाते दोन हजार वर्षांचे आहे, आणि ते मला तेथे गेल्यावरच खऱ्या अर्थाने कळले.

गिझाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. खुफूचा पिरॅमिड मूळचा सुमारे १४६ मीटर उंच होता, आज १३८ मीटरच्या आसपास उरला आहे. आत जाण्याची वाट बराच वेळ वाकून चढण्याची आहे. यजमान बाहेर थांबले, मी गेले. वरच्या दालनात अस्वानच्या ग्रॅनाइटची झाकण नसलेली रिकामी पेटी आहे, बाकी काही नाही. गुडघे दुखत असतील तर हे तिकीट खुशाल टाळावे आणि तो वेळ सक्काराला द्यावा. तेथला जोसरचा पायऱ्यांचा पिरॅमिड गिझाच्या आधीचा आहे, आणि संपूर्ण दगडात इतके मोठे बांधकाम माणसाने पहिल्यांदा केले ते तेथे, हे त्याच्या भोवतालच्या प्राकारात उभे राहिल्यावर जाणवते. दगडाच्या छतात आणि खांबांत लाकडाच्या ओंडक्यांचे आणि बोरूच्या मोळ्यांचे आकार कोरले आहेत. कारागिरांच्या हाताला अजून जुन्याच साहित्याची सवय होती.

कैरोतली दुसरी न चुकवण्याची जागा म्हणजे फुस्तातमधले राष्ट्रीय संस्कृती संग्रहालय. २०२१च्या एप्रिलमध्ये २२ राजे-राण्यांच्या ममी मिरवणुकीने तेथे नेण्यात आल्या. मंद उजेडाच्या त्या तळघरात दुसऱ्या रामसेसच्या काचपेटीपुढे मी बराच वेळ उभी होते. केस पिवळसर, नाक बाकदार, आणि हातांची नखे अगदी काल कापल्यासारखी. त्याच्या नाकपुड्यांत मिऱ्याचे दाणे भरलेले आढळले होते. मिरी हिंदुस्थानातली, दक्षिणेकडच्या डोंगरांतली, आणि हा राजा इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातला. ते दाणे कोणत्या वाटेने तिथवर गेले असतील, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात राहिला.

पुढचा भाग उद्या लिहिते. तोवर प्रश्न असतील तर जरूर विचारा.

सावकाश

उत्तम सुरुवात. एक विचारायचे होते. बोटीचा प्रवास खरोखर आवश्यक आहे का? आम्ही २०१९ साली गेलो तेव्हा आगगाडीने अस्वान ते लक्सर केले होते. बोटीवर वेळापत्रक त्यांचे असते, एकाच वेळी दहा बोटी काठाला लागतात आणि हजारभर माणसे एकदम देवळात शिरतात. एडफूला तर घोडागाड्यांच्या त्या गर्दीत माझी पत्नी फार घाबरली होती, आणि त्या घोड्यांची अवस्था पाहून आम्हां दोघांनाही वाईट वाटले.

रानजाई

सावकाश, तुमचे म्हणणे बरोबर आहे. एडफूला आम्हीही घोडागाडी नाकारली आणि टॅक्सी केली. ते देऊळ मात्र अतिशय सुंदर आहे: इसवी सनापूर्वी २३७ मध्ये सुरू होऊन ५७ मध्ये पूर्ण झालेले, छतासकट जवळजवळ अखंड. गाभाऱ्यात काळ्या दगडाचे एकसंध देवघर आहे. बाहेरच्या झगझगीत उन्हातून एकेका दालनातून आत जाताना उजेड कमी होत जातो, छत खाली येत जाते आणि जमीन चढत जाते, हे आपल्या हेमाडपंती देवळांत शिरताना होते तसेच होते. सकाळी सहाच्या गर्दीत हे कळणार नाही. आम्ही बोटीच्या व्यवस्थापकाशी बोलून गटाच्या तासभर मागे गेलो.

बोट मला आवडली ती देवळांमधल्या वेळासाठी. काठावर खजुरीची झाडे, उसाचे आणि बरसीमचे हिरवे पट्टे, आणि त्याच्यामागे शंभर-दोनशे पावलांवर एकदम पिवळा डोंगर. हिरवे कोठे संपते तेथे बोट ठेवून दाखवता येते. एस्नाच्या जलपाशाशी, म्हणजे बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दरवाजांशी, बोटी रांगेत थांबतात, तेव्हा विक्रेते लहान होड्या बोटीला दोरीने बांधून घेतात आणि चादरी, झगे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून थेट चौथ्या मजल्यावरच्या डेकवर फेकतात. आवडले तर पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाकायचे. यजमानांनी एक टेबलक्लॉथ घेतला. खालचा मुलगा पिशवी झेलून नोटा मोजेपर्यंत आमची बोट पुढे सरकली होती, तरी त्याने हात उंचावून हिशेब बरोबर असल्याची खूण केली.

एक सावधगिरीची गोष्ट. आम्ही ज्या बोटीचे पैसे भरले होते, ती ऐनवेळी बदलली गेली आणि आम्हांला खालच्या मजल्यावर इंजिनाजवळची खोली मिळाली. मध्यस्थाने ‘तितकीच चांगली’ असे सांगितले होते. ती तितकी चांगली नव्हती, आणि पहिली रात्र झोपेविना गेली. तक्रार केल्यावर दुसऱ्या दिवशी वरची खोली मिळाली. बोटीचे नाव, मजला आणि ‘बदल झाल्यास परतावा’ हे तिन्ही लेखी घ्यावे.

निळाई

आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. जेवणाचे काय? आणि सतत बक्षीस मागतात असे ऐकले आहे.

रानजाई

निळाई, जेवणाची चिंता नको. कुशरी म्हणून एक पदार्थ आहे: भात, मसूर, मॅकरोनी, वर हरभरे, तळलेला कांदा, टोमॅटोचे आंबट सार आणि लसणाचे व्हिनेगर. ही आपल्या खिचडीचीच लांबची बहीण आहे, असे अनेक जण मानतात. सकाळी फूल, म्हणजे वालासारख्या मोठ्या दाण्यांची रात्रभर शिजवलेली उसळ, आणि तामिया, म्हणजे त्याच दाण्यांचे वडे. कोंड्याच्या भाकरीसारखा एश बलदी रस्त्यावर गरम मिळतो. आणि करकदे जरूर प्या. अस्वानच्या बाजारात गडद लाल वाळलेल्या पाकळ्यांची पोती दिसली. हातात घेऊन पाहिले तर आपल्या लाल अंबाडीची बोंडे! आपण अंबाडीची भाजी करतो, ते सरबत करतात.

बक्षीस हा शब्दही दोन्हीकडे एकच आहे, त्यामुळे अर्थ समजावा लागत नाही. लहान नोटांचे वेगळे पाकीट ठेवावे, खरे काम करणाऱ्याला मोकळ्या हाताने द्यावे, आणि थडग्यातला पहारेकरी ‘येथून फोटो काढा’ म्हणून दोरीच्या आत बोलावू लागला तर ‘ला, शुक्रन’ (नको, धन्यवाद) म्हणून पुढे जावे. बहुतेक तिकीटखिडक्यांवर रोख चालत नाही, कार्ड लागते.

भीमातीर

अबू सिंबेलला गेला होता का? त्याविषयी सविस्तर वाचायला आवडेल. कारण शेवटी सांगतो.

रानजाई

गेलो होतो, भीमातीर. पहाटे चारला अस्वानहून निघालो, सुमारे २८० किलोमीटर. दिवस वाळवंटातच उगवला.

१९६०च्या दशकात अस्वानचे उंच धरण बांधले जात होते, तेव्हा दुसऱ्या रामसेसची डोंगरात कोरलेली ही दोन देवळे पाण्याखाली जाणार होती. युनेस्कोने १९६० मध्ये जगाला आवाहन केले, आणि १९६४ ते १९६८ या काळात दोन्ही देवळे करवतीने कापून, हजारांहून अधिक ठोकळे करून, सुमारे ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे पुन्हा उभी केली. ही बांधलेली देवळे नव्हेत, ही लेणी आहेत. वेरूळचे एखादे लेणे डोंगरातून कापून काढून दुसऱ्या डोंगरात बसवण्याइतके ते अवघड काम होते. मी सांधे शोधत होते. राजाच्या मांडीवर, अगदी जवळ गेल्यावर, केसाएवढी एक सरळ रेघ दिसली. मागचा डोंगरही माणसाने रचलेला आहे आणि त्याच्या पोटात काँक्रीटचा घुमट आहे.

२२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर या दिवशी उगवत्या सूर्याची किरणे साठ मीटर आत, गाभाऱ्यातल्या मूर्तींपर्यंत पोहोचतात. कारागिरांचा देव प्ताह तेवढा सावलीतच राहतो. त्या दिवशी अफाट गर्दी असते. आम्ही जानेवारीत गेल्यामुळे तो योग नव्हता, पण शेजारच्या राणी नेफरतारीच्या देवळात दहा मिनिटे आम्ही दोघेच होतो. राण्यांच्या मूर्ती सहसा राजाच्या गुडघ्यापर्यंत येतात; येथे दर्शनी भिंतीवर ती त्याच्याइतकीच उंच उभी आहे. यजमान म्हणाले, “आता येथे थोडे बसू.” आम्ही बसलो.

भीमातीर

धन्यवाद. माझे आजोळ उजनीच्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरले की पळसदेवच्या पळसनाथाच्या देवळाचे शिखर आधी दिसू लागते, मग खांब, मग वीरगळ. फार उतरले तर होडीतून उतरून आत जाता येते. आई गेली तोवर दर दुष्काळात तिला तेथे न्यावे लागे. गाव वर सरकले, देऊळ पाण्यात राहिले. आमच्या देवळासाठी कोणी करवती आणल्या नाहीत, अशी तक्रार मी करत नाही. धरणाच्या पाण्यात जाणारे नागार्जुनकोंड्याचे प्राचीन अवशेष त्याच काळात आपल्या लोकांनी हलवले होते, हेही मला ठाऊक आहे. मला एवढेच विचारायचे आहे की, तेथे जी माणसे राहत होती त्यांच्याबद्दल काही सांगतात का?

रानजाई

भीमातीर, तुमचा प्रतिसाद आम्ही दोघांनी वाचला.

अबू सिंबेलच्या माहितीकेंद्रात करवतींचे आणि क्रेनांचे फोटो भरपूर आहेत, माणसांचे फारच थोडे. अस्वानच्या दक्षिणेला नाईलकाठी राहणाऱ्या इजिप्तमधल्या सुमारे ५० हजार नुबियन लोकांना १९६३-६४ मध्ये उठवून कोम ओम्बोच्या बाजूला, नदीपासून दूर वसवले. आम्हांला हे कळले ते अस्वानच्या नुबिया संग्रहालयात, आणि त्याहून जास्त एलेफंटाइन बेटावर. तेथे एका नुबियन घरात चहाला बोलावले होते. घराच्या आजीबाई लहान असताना त्यांचे गाव गेले. त्यांच्या नातवाने भाषांतर करून सांगितले की निघण्याच्या दिवशी बायकांनी घरांना कुलपे लावली आणि किल्ल्या बरोबर घेतल्या. त्यांच्या आईची किल्ली अजून भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे. लाकडी आहे, वीतभर लांब, दाते झिजलेले. मी फोटो काढला नाही, म्हणून येथे डकवता येत नाही.

अस्वानला जाणाऱ्यांनी धरणाची भिंत दहा मिनिटांत पाहावी आणि उरलेला वेळ या संग्रहालयाला द्यावा.

पाऊलवाट

लक्सरबद्दल लिहिलेच नाही! आणि पैठण-तेरचे नाते म्हणालात, त्याची मी वाट पाहत आहे. माझ्या माहितीत भर घालतो: इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, या दोन्ही बाजारपेठा येतात. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगरहून सुती कापड गाड्यांमधून भडोचला जाई. सोपारा आणि कल्याण ही बंदरेही त्यात आहेत. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली याच व्यापाराच्या काळातली. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला समुद्रदेव पोसायडनचा कांस्याचा पुतळा तर आपल्याच टाउन हॉल संग्रहालयात आहे.

रानजाई

पाऊलवाट, मनापासून आभार. पोसायडन मी शाळेच्या सहलीत पाहिला होता, पण तो तेथे का आहे हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

लक्सर आधी. राजांच्या दरीत साध्या तिकिटात तीन थडगी पाहता येतात; तुतनखामुन, पहिला सेती आणि पाचवा-सहावा रामसेस यांना वेगळे तिकीट लागते. तुतनखामुनचे थडगे आकाराने लहान आहे आणि त्यातला खजिना आता गिझाच्या नव्या मोठ्या संग्रहालयात गेला आहे, पण तो स्वतः अजून तेथेच आहे. पैसे एकाच थडग्यावर खर्च करायचे असतील तर सेतीचे निवडा. रंग असे ताजे आहेत की हात लावला तर बोटाला लागतील असे वाटते. उतार मात्र लांब आहे. यजमान काठी टेकत अर्ध्या तासात उतरले. कर्नाकला १३४ खांबांच्या मंडपात दुपारी चारनंतर जावे. तेव्हा तिरपे ऊन येते, आणि वरच्या तुळयांच्या खालच्या बाजूला, जेथे पाऊस-ऊन पोहोचले नाही तेथे, निळा-तांबडा रंग दिसतो. दिवसाला एक देऊळ, फार तर दोन, हा आमचा नियम होता. जेथे तो मोडला तेथली देवळे आता एकमेकांत मिसळून आठवतात.

लक्सरहून समुद्राकडे जाताना गाडीवाल्याला सांगून केनाजवळ डेंडेराला दोन तास थांबलो, आणि संपूर्ण प्रवासातले माझे सर्वांत आवडते देऊळ तेच ठरले. हाथोर देवीचे मुख, गाईचे कान, प्रत्येक खांबावर चारी बाजूंनी. बहुतेक मुखे छिन्नीने फोडलेली. छताची काजळी आता साफ केली आहे आणि आकाश पुन्हा निळे झाले आहे. गच्चीवर जाण्याचा जिना अंधारा, वळणाचा आहे. भिंतीवर पुजाऱ्यांची मिरवणूक कोरली आहे, आणि ती आपल्याबरोबर वर चढते. पायऱ्या इतक्या झिजल्या आहेत की दगड वितळून खाली ओघळल्यासारखा दिसतो. उतरण्याच्या सरळ जिन्याच्या भिंतीवर तेच पुजारी खाली उतरताना कोरले आहेत. गच्चीवरचे राशिचक्र १८२१ मध्ये कापून काढले आणि पॅरिसला नेले. गच्चीवर आता प्रतिकृती आहे.

केनापासून समुद्रापर्यंतचा रस्ता उघड्या-बोडक्या खडकांतून जातो. झाड नाही, पाखरू नाही. याच टापूतून रोमन काळात मालाचे तांडे जात. मोसमी वाऱ्यावर हिंदुस्थानातून आलेली जहाजे बेरेनिके आणि म्योस होर्मोस या बंदरांना लागत, तेथून उंटांवरून माल नाईलकाठच्या कोप्टोसला, म्हणजे आजच्या किफ्तला, आणि पुढे नदीतून अलेक्झांड्रियाला. बेरेनिकेहून कोप्टोसला बारा दिवस लागत आणि उन्हामुळे बरीचशी चाल रात्रीची असे, असे रोमन लेखक प्लिनीने नोंदवले आहे. बेरेनिकेच्या उत्खननात हिंदुस्थानी बनावटीच्या एका रांजणात साडेसात किलो मिरी मिळाली. आपल्याकडचे सागवानही मिळाले, आणि अलीकडे, २०२२ मध्ये, बुद्धाची संगमरवरी मूर्ती. म्योस होर्मोस म्हणजे आमच्या कुसैरच्या उत्तरेला आठ किलोमीटरवरचे जुने कुसैर. तेथे तमिळ-ब्राह्मी अक्षरे कोरलेली खापरे सापडली आहेत.

आज तेथे उभे राहिले तर मिठाने पांढरी झालेली सखल जमीन दिसते, गाळाने भरलेली खाडी, आणि रस्त्यापलीकडे हॉटेल. कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही की हे बंदर होते. रामसेसच्या नाकातल्या मिऱ्यांची वाट या बंदराहून कितीतरी जुनी, पण ती वाट अशाच कोणत्या तरी किनाऱ्यावर उतरली असणार.

निळाई

आणि समुद्र? आम्हांला हुरघाडा सुचवले आहे. पोहता येत नसेल तर प्रवाळ दिसतात का?

रानजाई

हुरघाडाला विमानतळ आहे, गिफ्टुन बेटांच्या होडीच्या सहली आहेत, हॉटेले पुष्कळ आहेत. गर्दी आवडत असेल तर तेच सोयीचे. आम्हांला शांतता हवी होती. रिसॉर्ट निवडताना खोलीचा आकार पाहू नका, ‘स्वतःचा प्रवाळकट्टा आणि त्यावर जाणारा धक्का आहे का’ हे विचारा. नसेल तर प्रत्येक वेळी होडी करावी लागते.

मला पोहता येत नाही, तरी दिसले. लाइफ जॅकेट घालून, तेथल्या प्रशिक्षकाने पकडलेल्या रबरी कड्याला धरून, मी पाण्यावर पालथी पडले आणि फक्त तोंड पाण्यात घातले. जानेवारीत पाणी थंड असते, पहिला श्वास अडकतो. पातळ वेटसूट भाड्याने घ्यावा. वारा दुपारी वाढतो, म्हणून सकाळी नऊच्या आत उतरावे. तारकर्लीला आम्ही हे केले होते, पण तेथे पाणी धूसर होते. येथे दहा-बारा मीटर खाली वाळूवरच्या रेघा मोजता येत होत्या. आधी डोळ्यांपेक्षा कानांना कळले: कुरुम्-कुरुम् असा बारीक आवाज, कोणी खडीसाखर चावत असल्यासारखा. मग हिरवे-निळे पोपटमासे दिसले. ते चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडत होते. त्यांच्या पोटातून बाहेर पडणारा प्रवाळाचा चुरा म्हणजेच तेथली पांढरी वाळू, असे प्रशिक्षकाने नंतर सांगितले. तिसऱ्या दिवशी यजमानही उतरले. पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही, ते माझ्यापेक्षा जास्त वेळ राहिले.

प्रवाळावर उभे राहू नका, हात लावू नका, माशांना पाव टाकू नका. एक पर्यटक प्रवाळावर उभा राहून फोटो काढून घेत होता, तेव्हा प्रशिक्षकाला आलेला राग मी पाहिला आहे. तो त्याच्याशी अरबीत बोलला, पण शब्द कळण्याची गरज नव्हती.

पाऊलवाट, मार्चअखेरीस आम्ही तेरला जाणार आहोत. संग्रहालय सोमवारी बंद असते का, आणि धाराशिवहून एसटी सकाळी किती वाजता सुटते, हे माहीत असल्यास कळवावे. भीमातीर, त्याच फेरीत पळसदेवलाही थांबण्याचा विचार आहे. तेव्हा पाणी कितपत उतरलेले असेल?

भीमातीर

मार्चअखेरीस शिखर दिसेल, आत जाता येणार नाही. मे महिन्यात या, मी बरोबर येतो.